चिडाला धरलेली फळं

शोकेसमधलं फळ पडद्यावर कसं गेलं, हा प्रश्न त्या सकाळी शेखांच्या घरात एकट्या मेहरीनलाच पडला.

बाकीच्यांना तो पडायचं कारणच नव्हतं. सासूबाई, म्हणजे अख्तरीअम्मी, मेथी निवडत होत्या. नवरा जीशान दुकानाची किल्ली शोधत होता, आणि ती त्याच्याच खिशात वाजत होती. सासरे बाबाजान अंगणात आपल्या लाडक्या झाडाला नळी लावून उभे होते. मेहरीनच काय ती दारात थबकून एकदा शोकेसकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होती. काल संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं ते फळ सासऱ्यांच्या दोन पदकांच्या मधोमध ठेवलं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, वाळक्या काड्या चिकटवून केल्यासारखं फळ. आता तेच खिडकीच्या पडद्यावर तिच्या कमरेएवढ्या उंचीवर लोंबत होतं.

"अफ्रीन, हे तू लावलंस इथं?"

अडीच वर्षांच्या अफ्रीननं तोंडातला टोस्ट बाहेर काढला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "फळ चाल्लं."

"कुठं चाललं?"

"भूर."

जीशान हसला. "परवा हिची चप्पलपण भूर गेली होती. गच्चीवरच्या टाकीत सापडली."

मेहरीन हसली नाही. ती काही न हसणाऱ्यातली नव्हती, पण अफ्रीन झाल्यापासून घरातल्या एकेक वस्तूची जागा तिला पाठ झाली होती. सुटलेलं बटण, रिमोटचा सेल, फिनेलच्या बाटलीचं सैल झाकण, सगळ्यावर तिची नजर. अख्तरीअम्मी शेजारपाजारी सांगायच्या, "आमच्या सुनेला चार डोळे. दोन झोपले की दोन पहाऱ्यावर." आणि या चारही डोळ्यांचं म्हणणं एकच होतं, की पोरीचा हात त्या पडद्यापर्यंत पोचत होता, पण शोकेसच्या वरच्या फळीपर्यंत नाही.

आता या फळाचं एवढं काय, हे कळायला आधी झाड माहीत पाहिजे.

देवळाली प्रवरेत बाबाजानभाईंचं झाड दाखवा म्हटलं तर आंधळ्यानंही दाखवलं असतं. चहूकडे ऊस, मध्ये डांबरी रस्ता आणि रस्त्याच्या कडेला शेखांच्या अंगणात बावीस फुटांचं चिडाचं, म्हणजे पाइनचं झाड. हिमालयातलं. हवालदार बाबाजान शेख चौदा वर्षांपूर्वी फौजेतून निवृत्त होऊन आले, तेव्हा लोक कॅन्टीनच्या सामानाची वाट बघत होते. यांनी आणलं पावडरच्या डब्यात लावलेलं वीतभर रोप, थेट पिथोरागडहून, सगळा प्रवास मांडीवर धरून. श्रीरामपूर स्टेशनात उतरताना त्यांनी आधी डबा खाली दिला आणि मग ट्रंक. या उन्हात हे जगायचं नाही, असं सगळ्या गावानं एकमुखानं सांगितलं. बाबाजाननी त्याला उन्हाळाभर ओल्या गोणपाटाचा तंबू ठोकला. झाड जगलं. वाढलं. टाचणीसारखी बारीक, वीतभर लांब पानं, झुबक्या झुबक्यांनी. वारा सुटला की त्यातून असा सूंऽऽ आवाज निघायचा की बाबाजान खुर्चीत डोळे मिटून म्हणायचे, "पहाडात बसलोय बघा."

एकच उणं होतं. फळ नव्हतं. तिकडे म्हणे मुठीएवढी लाकडी फळं धरतात, खवल्याखवल्यांची.

आणि यंदा दिवाळीनंतर झाडाला फळं धरली! एक नाही, दोन नाही, रस्त्याकडच्या फांद्या नुसत्या लगडल्या. तिकडे मुठीएवढी आणि इकडे बोटाएवढी, असं कुणीतरी खोचकपणे म्हणालंसुद्धा. "पाण्याचा फरक," बाबाजान म्हणाले. "माणसं बारकी होतात, मग फळ का नाही होणार?" त्यांनी चांगली टपोरी सात फळं निवडून सात जणांना भेट दिली. मशिदीत दोघांना, चहावाल्याला, पोस्टमनला, शाळेच्या मोठ्या बाईंना, पलीकडच्या आक्काबाईला, आणि एक खास सोनई गावी, फौजेतला जुना दोस्त फरदीन याला. आठवं शोकेसमध्ये, पदकांच्या मानाचं.

तेच आता पडद्यावर.

जीशान गेल्यावर मेहरीननं स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसली. पाच मिनिटं काही नाही. मग फळाचं वरचं तोंड हललं. त्यातून काळंभोर, चकचकीत डोकं बाहेर आलं, मागोमाग तीन जोड्या पाय. डोक्यानं पडद्याचं सूत पकडलं, अंग आखडलं आणि सगळं फळ स्वतःमागे ओढत एक इंच वर सरकलं. जसा एखादा बिऱ्हाडकरू पाठीवर घर घेऊन जिना चढतो तसं. मेहरीननं बोट लावायचा अवकाश, डोकं आत आणि तोंड घट्ट बंद. पुन्हा निरागस फळ.

"चाल्लं," अफ्रीन मागून समाधानानं म्हणाली.

मेहरीननं ते बिऱ्हाड स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं, झाकणावर खलबत्ता ठेवला आणि अंगणात गेली. इतके दिवस झाडाकडे तिनं सासऱ्यांच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आज आपल्या डोळ्यांनी बघितलं. रस्त्याकडच्या फांद्यांना फळं होती, पण पानं कुठं होती? जिथं झुबके असायचे तिथं कुरतडलेले खुंट. वरच्या दोन फांद्या तर पार बोडक्या. खाली जमिनीवर मोहरीसारख्या काळ्या गोळ्यांचा सडा, अळ्यांच्या लेंड्या. आणि त्या सड्यात कालपासून पडलेला अफ्रीनचा भातुकलीचा चमचा.

कालची तिची "खिचडी" कशाची होती, ते मेहरीनच्या आता ध्यानात आलं. तिनं पोरीचे हात तीनदा साबणानं धुतले, जीभ तपासली आणि मग फोन लावला.

राजेश्वरी तिची बीएस्सीची मैत्रीण. मेहरीनचं लग्न झालं. राजेश्वरी पुढं कीटकशास्त्र शिकली आणि आता नेवासा तालुक्यात शेतकऱ्यांच्या बांधावर फिरायची. फोटो बघून ती आधी पोटभर हसली.

"फळं? अगं, पिशवीतली अळी आहे ती. झाडाचीच पानं तोडून रेशमानं विणते आणि आत राहते. खाते तेवढी डोकं बाहेर काढून. तुझे सासरे काही एकटे नाहीत, भलेभले फसतात."

"पोरीला काही होणार नाही ना? चावते? विषारी असते?"

"काही नाही. पोरगी ठणठणीत राहील. झाडाचं बोल. कडुलिंब ओरबाडला तर महिन्यात फुटतो. हे झाड तसलं नाही. सगळ्या सुया गेल्या तर ते पुन्हा फुटेलच असं नाही."

"मग काय मारायचं?"

"बारकी असताना निंबोळी अर्क चालला असता. आता मोठ्या झाल्यात, पिशवीचं दार लावून बसतात, औषध आत जातच नाही धड. हातानं वेच. आणि ऐक, ओढायची नाही, कात्रीनं कापायची. रेशमाचा फास फांदीवर राहिला तर फांदी आवळून मरते. खाली टाकायची नाही, परत चढेल. साबणाच्या पाण्यात बुडवायची. एकही सोडू नको हं. आतल्या मादीला पंखच नसतात, ती पिशवीतच शेकडो अंडी घालून मरते. एक राहिली की पुढच्या वेळी पुन्हा हीच जत्रा." मग जरा थांबून तिनं विचारलं, "कुणाला दिली नाहीत ना?"

मेहरीन बोटं मोजायला लागली.

"किती?"

"सात."

"देवा! परत आण, बाई. दारात मोरपंखीचं झाड असेल तर तिच्यावर चढतील."

आता हे सासऱ्यांना सांगायचं कुणी? अख्तरीअम्मींनी मेथीतून मान वर काढली नाही. "मी चाळीस वर्षांत त्यांना चहात साखर जास्त झाली एवढंच सांगितलंय. तू शिकलेली आहेस."

मेहरीननं स्टीलचा डबा नेऊन बाबाजानच्या खुर्चीसमोर उघडला. त्यांनी डोळे बारीक केले, डबा लांब धरला, जवळ धरला. आतून डोकं बाहेर आलं.

त्यांनी डबा मांडीवर ठेवला. मग झाडाकडे बघितलं. मग डब्याकडे. कान लाल झाले होते.

"सगळीच?"

"सगळीच, अब्बा."

"शाळेत मोठ्या बाईंनी मुलांना रांगेत उभं करून दाखवलं ते," ते हळूच म्हणाले. आणि एकदम हवालदार झाले. "ठीक आहे. शत्रू घरात घुसलाय. चार घरांपलीकडच्या कानिफनाथचा फवारणीचा पंप आणतो. कपाशीवरचं औषध आहे त्याच्याकडे, एका फवाऱ्यात सगळं लोळतं. उद्या सकाळी."

कानिफनाथच्या कपाशीवर फवारणी झाली की तो वास दोन दिवस चार घरं ओलांडून यायचा. इथं तर झाडाखाली अफ्रीनचं अख्खं घरदार मांडलेलं. माती, काड्या, चमचे. आणि जे हाती येईल ते तोंडात.

"अब्बा, औषध नको. ही तिथली माती खाते."

"पंधरा दिवस माहेरी ने तिला."

"आणि पंधरा दिवसांनी माती बदलून देणार का?"

एवढ्या चढ्या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. मेथीची पानं खुडणारे हात थांबले. बाबाजानही चमकले. पण आवाज त्यांचा वर गेला नाही, उलट खाली आला.

"बेटा, हे झाड मी मांडीवर आणलंय. ते जाताना बघत बसू?"

"बघत नका बसू. मी वेचते सगळी. राजेश्वरी म्हणते, हातानंच जातात. औषधानं जात नाहीत."

"बावीस फूट आहे ते."

"असू दे."

बाबाजाननी झाडाची उंची डोळ्यांनी मापली, मग सुनेची. "आज मंगळवार. जुम्म्याच्या अजानपर्यंत मुदत. तोवर झाडावर एकही दिसली नाही, तर पंप परत. एकसुद्धा दिसली, तर मी फवारणार, आणि मग कुणी मध्ये बोलायचं नाही. मंजूर?"

"मंजूर," मेहरीन म्हणाली, आणि कात्री शोधायला गेली.

मंगळवारी दुपारभर ती स्टुलावर चढून कात्री चालवत होती. संध्याकाळी मान आखडली, सुयांनी हात खरचटले आणि बादलीत जेमतेम चाळीस पिशव्या. बरं, जी फांदी साफ केली म्हणावं, तिथंच खालून बघितलं की तीन दिसायच्या. अफ्रीन बादलीपाशी बसून प्रत्येक पिशवी बुडताना "टुबुक" म्हणायची. मेहरीन तिला दर वेळी बजावायची, "हात नाही लावायचा. घाण. बादलीत."

जीशान दुकानातून आला, बादलीत डोकावला. "सोडून दे. अब्बा आता ऐकायचे नाहीत."

"त्यांना काही ऐकायला सांगितलं नाहीये मी. बघायला सांगितलंय."

बुधवारी दुपारी पलीकडची आक्काबाई आली. कपाशीच्या वेचणीवरून तशीच, डोक्याला टॉवेल, कमरेला लुगड्याची ओटी. तिनं दोन मिनिटं फाटकाशी उभं राहून तमाशा बघितला.

"काय चाललंय सूनबाई? झाडाच्या उवा काढती का काय?"

मेहरीननं सगळं सांगितलं. आक्काबाईनं तोंडावर हात मारला. "आगं बया! म्या तर ते फळ देवघरात ठिवलं व्हतं! मला वाटलं हिमालयातलं हाय, शंकराच्या हितलं. सकाळी बघितलं तर नंदीच्या पाठीवर!"

दोघी हसून हसून खाली बसल्या. मग आक्काबाई उठली आणि ओटी घट्ट केली.

"वेचायचंच हाय ना? मंग असं इकडं एक, तिकडं एक करून न्हाई व्हायाचं. तू बोंडं हुडकती. बोंडं हुडकायची नसत्यात. एक फांदी धरायची, ती म्हंजी कपाशीचं एक तास, एक रांग. बुडापासनं शेंड्यापतुर जायाचं, माघारी वळायचं न्हाई. झाली की चिंधी बांधायची. आन उन्हाकडं तोंड करून वेच, पाठ करून न्हाई. उजेडावर काळं दिसतंय."

खरंच दिसत होतं. उजेडाकडे तोंड केल्याबरोबर हिरव्यात लपलेल्या पिशव्या तोरणासारख्या उठून दिसायला लागल्या. मेहरीननं ओढणीची ओटी केली, जुन्या ओढणीच्या चिंध्या फाडल्या. दोघी दोन बाजूंनी लागल्या. तिन्हीसांजेपर्यंत हात पोचेल तिथपर्यंतच्या आणि गच्चीच्या बाजूच्या सगळ्या फांद्यांना लाल चिंध्या लागल्या, आणि झाड नवस फेडायला आल्यासारखं दिसायला लागलं.

बाबाजान या सगळ्यात नव्हते. ते मंगळवारपासून सकाळ-संध्याकाळ सायकल काढून कुठंतरी जात. कानिफनाथचा पंप मात्र फाटकाशी येऊन बसला होता. त्याच्याशेजारी पारदर्शक पिशवीत औषधाची बाटली. तिच्यावरचा विषाचा लाल त्रिकोण मेहरीनला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसायचा. लेबलावर लिहिलं होतं, मुलांपासून दूर ठेवा. तिनं ती पिशवी दिवसातून चारदा उचलून भिंतीवर ठेवली आणि बाबाजाननी चारदा खाली.

राहिली रस्त्याकडची वरची बाजू. जिथं सगळ्यात जास्त पिशव्या आणि सगळ्यात कमी पानं. गच्चीवरून तिथं हात पोचत नव्हता, शिडी टेकवायला आधार नव्हता.

गुरुवारी सकाळी रस्त्यावर हॉर्न वाजला. आक्काबाईचा नवरा गोरक्ष ट्रॅक्टर घेऊन उभा. मागे कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली, अशी भरलेली की वरची मोळी विजेच्या तारेशी बोलायची बाकी. आक्काबाई मडगार्डवर राणीसारखी बसलेली.

"चढ सूनबाई! नंबर लागायला दुपार व्हनार हाय. तवर ही शिडी तुजी."

"पडले म्हणजे?"

"पडली तर उसात पडशील. ग्वाड मरन."

गोरक्षनं ट्रॉली झाडाला खेटून लावली, चाकांखाली दगड दिले. मेहरीननं अफ्रीनला अम्मींच्या कडेवर दिलं, पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. "अम्मी, ती बादलीत वाकते. अम्मी, गेटची कडी लावा. अम्मी, तिच्या मुठीत बघा काय आहे."

"माझेपण आता चार डोळे झालेत," अम्मी म्हणाल्या. "चढ तू."

उसाच्या मोळ्यांवरून मेहरीन वर गेली. वर गेल्यावर पहिल्यांदा भीती वाटली आणि मग वारा लागला. झाडाचा तो सूंऽऽ आवाज आता अगदी कानाशी होता. पलीकडे उसाची तुरे फुटलेली शेतं, कारखान्याची चिमणी, पाट, सगळं एका नजरेत. रस्त्यानं जाणारी माणसं मान वर करकरून बघत होती. "काय हो शेखांच्या सूनबाई, ऊस गोड लागतोय का?" असं एक मोटारसायकलवाला ओरडला, आणि आक्काबाईनं खालून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

मेहरीननं फांदी धरली. बुडापासून शेंड्यापर्यंत. कात्री, ओटी, चिंधी. दुसरी फांदी. तिसरी. बाबाजान सायकलवरून आले ते ट्रॉलीशेजारी थांबले आणि त्यांना राहवेना. "डावा पाय मोळीच्या गाठीवर! वजन मागे! हां, शाबास!" दीड तासात ओटी तीनदा खाली सोडावी लागली. दुपारी गोरक्ष ट्रॉली घेऊन गेला तेव्हा रस्त्याकडची बाजूही लाल झाली होती.

"मोज आता," अम्मी म्हणाल्या. मेहरीननं मोजल्या नाहीत. दोन बादल्या भरल्या होत्या, तेवढं पुरे होतं.

शुक्रवार उजाडला. दुपारी बाबाजान आंघोळ करून, पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून अंगणात आले, आणि आधी त्यांनी खिशात हात घातला. एक एक करून बादलीत टाकायला लागले. एक, दोन, तीन. सहा पिशव्या.

मेहरीन बघत राहिली. म्हणजे सायकल याच्यासाठी!

"काय सांगितलंत लोकांना?"

"फौजी माल आहे, वरून हुकूम आलाय, परत जमा करायचा." ते खाली बघून म्हणाले. "पोस्टमननं तर सही मागितली. शाळेतली मोरपंखीवर जाऊन बसली होती. मोठ्या बाईंसमोर कुंपणात घुसून काढली." मग दुर्बीण डोळ्याला लावून त्यांनी झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. फांदी फांदी बघितली. आक्काबाई फाटकाला टेकून उभी होती, अम्मींच्या ओठांवर दुआ.

दुर्बीण खाली आली. "साफ."

आक्काबाईनं शिट्टी घातली. मेहरीननं सवयीनं एकदा वर बघितलं, उजेडाकडे तोंड करून.

अगदी शेंड्याला, सरळ वर गेलेल्या कोंबाच्या बगलेत, काहीतरी काळं होतं. वाऱ्यानं सुया हलत होत्या, त्या थांबल्यावर ते हलायचं.

गप्प राहिली असती तर पंप परत जात होता. बाबाजाननी तर त्याचा पट्टाही गुंडाळायला घेतला होता. मेहरीननं फाटकाजवळची पिशवी बघितली, लाल त्रिकोण बघितला. मग राजेश्वरीचं बोलणं आठवलं. एक राहिली की पुन्हा हीच जत्रा. आणि त्या जत्रेत पुन्हा हाच पंप, पोरगी तोवर आणखी चपळ झालेली.

"अब्बा," तिनं वर बोट केलं. "एक आहे. शेंड्याला."

बाबाजाननी दुर्बीण लावली. काच पुसली. पुन्हा लावली. कितीतरी वेळ लावून धरली.

"मला दिसत नाही, बेटा."

"त्या कोंबाच्या डावीकडे..."

"नाही दिसत." त्यांनी दुर्बीण काढली. "वर्ष झालं, धूसरच दिसतंय. अम्मीला बोललो नाही. दिसलं असतं तर अळीला फळ म्हणून गावभर वाटत फिरलो असतो का?"

अख्तरीअम्मींनी पदर तोंडाला लावला. आक्काबाईनं पहिल्यांदाच विनोद केला नाही. बाबाजाननी एकदा पंपाकडे बघितलं, एकदा झाडाखाली बसून रिकाम्या चमच्यानं हवा ढवळणाऱ्या नातीकडे.

"अजान झाली का?"

"नाही अजून," मेहरीन म्हणाली.

"मग मुदत कुठं संपलीय? बघत काय उभी राहिलीस?"

मेहरीन जिन्याकडे पळाली. "थांब, हात न्हाई पोचायचा!" म्हणत आक्काबाई घरी धावली आणि चिंचा काढायचा बांबू घेऊन आली. टोकाला उभा चिरलेला, चिरेत काडी अडकवून फाकवलेला. "ह्यात धर आन पिळ. वढू न्हको. कोंब मोडला तर झाड खुरटंल."

गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून मेहरीननं बांबू वर केला. बांबू डुलत होता, शेंडा डुलत होता, आणि खालून आक्काबाई ओरडत होती, "डावीकडं! माज्या न्हाई, तुज्या! वर... आता खाली... व्हय, व्हय, धरलं!" मेहरीननं पिळा दिला. एक, दोन, तीन. रेशीम तटतटलं. कोंब वाकला, वाकला, आणि सपकन सरळ झाला. पिशवी सुटून फांद्याफांद्यांवर आपटत खाली गेली.

पडली ती अफ्रीनच्या पुढ्यात.

अफ्रीननं ती उचलली.

"अम्मी!" मेहरीन गच्चीवरून किंचाळली. "तोंड! तिचं तोंड धरा!"

अम्मी उठेपर्यंत, बाबाजान वळेपर्यंत, अफ्रीन उभी राहिली होती. तिनं पिशवी डोळ्यांसमोर धरली. नाकाला लावली. गच्चीवरच्या आईकडे बघितलं. मग तुरुतुरु चालत बादलीपाशी गेली आणि हात उघडला.

"टुबुक."

मग आजोबांकडे वळून, मोठ्या माणसानं लहानाला समजावावं तसं म्हणाली, "दादा, फळ नाय. घाण."

बाबाजान हसायला लागले ते थांबेचनात. पलीकडून मशिदीच्या भोंग्याची खरखर झाली आणि अजान सुरू झाली. त्यांनी डोळे पुसले, पंप उचलून आक्काबाईच्या हातात दिला, त्यावर लाल त्रिकोणाची पिशवी ठेवली. "कानिफनाथला सांग, काम झालं. त्याचं औषध त्यालाच." आणि अम्मींकडे न बघता म्हणाले, "नगरला डोळ्यांच्या डॉक्टरला कधी दाखवायचं ते सुनेला विचार. तिला सगळं दिसतं."

मेहरीन गच्चीवरून खाली आली. तिनं अफ्रीनला उचललं, आधी मुठी उघडून बघितल्या, मग जीभ बघितली आणि मग कुठं तिचा मुका घेतला.

बाबाजान फाटकातून बाहेर पडले, पण दहा पावलांवर थांबले. सातवी राहिली होती की! त्यांनी चालता चालता फोन लावला. फौजी माणसाचा फोनवरचा आवाज तो, अंगणापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

"फरदीन? अस्सलामु अलैकुम. अरे, ते फळ दिलं होतं ना... काय? कुंडीत लावलंस? रोज पाणी घालतोस?" त्यांनी वळून झाडाकडे बघितलं. "नाही, नाही, चांगलं केलंस. आज फक्त साबणाचं घाल."